पाळणा वर जाताना

जत्रेतल्या त्या भल्यामोठ्या चाकाला इंग्रजीने एका इंजिनिअरचं नाव दिलं, हिंदीने त्याला झूला म्हटलं. मराठीने मात्र तान्ह्या बाळाचा पाळणा उचलला आणि थेट आकाशाला टांगला. आकाशपाळणा! हा शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारला, त्याला कवितेची वही बाळगायची गरज नव्हती. याच चाकाचं दुसरं नाव रहाटपाळणा. विहिरीवरच्या रहाटाला जशी गाडगी, तशी या चाकाला माणसं. गाडगी पाण्याने भरून वर येतात, आपण किंकाळीने भरून खाली येतो, एवढाच काय तो फरक.

मी कल्याणचा. पन्नाशी उलटली, तरी पाळणा दिसला की माझे पाय तिकडे वळतात आणि घरची मंडळी दुसरीकडे बघू लागतात. लहानपणी ईदच्या नमाजाहून परतताना अब्बा तळहातावर ईदी ठेवायचे. संध्याकाळपर्यंत ती पाळणेवाल्याच्या खिशात गेलेली असायची. चार पेट्यांचा लाकडी पाळणा, मोटर नाही की वीज नाही. दोन माणसं हाताने तो ढकलायची आणि वेग आला की त्यातला एक जण वरच्या आडव्या दांडीला लटकून आपल्या वजनाने अख्खं चाक खाली ओढायचा. आम्ही पेटीत बसून ओरडायचो; तो मात्र एक शब्द न बोलता तरंगत आमच्या शेजारून जायचा.

सणाला पाळणा बांधायची ही रीत फार जुनी. पिएत्रो देल्ला व्हाले नावाचा इटालियन प्रवासी १६१५ साली इस्तंबूलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. रमजानच्या उत्सवातल्या अशाच मोठ्या चाकात तो बसला आणि खूश होऊन त्याने तसं लिहून ठेवलं. पाच वर्षांनी पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने आजच्या बल्गेरियात तशीच चाकं पाहिली. ही सगळी लाकडाची. पोलादाचं महाचाक आलं ते १८९३ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात. पॅरिसने १८८९ मध्ये आयफेल टॉवर उभारला होता. त्याला उत्तर म्हणून जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचं चाक उभं केलं. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. म्हणजे एका वेळी २१६० माणसं हवेत! आपल्या लोकलचा एक पूर्ण रेक गर्दी नसताना उचलून गोल फिरवावा, तसंच काहीसं.

पाळणा खाली येताना पोटात गोळा का येतो? आपलं वजन आपल्याला जाणवतं ते बसायचा पाट आपल्याला खालून वर रेटत असतो म्हणून. पेटी झपकन खाली जाऊ लागली की पाटाचा तो रेटा कमी होतो. आपण हलके होतो आणि पोटातले अवयवही हलके होतात. शरीराला वाटतं आपण पडतो आहोत. डोळे सांगतात, नाही, समोर भेळवाला आहे, बायको हात हलवते आहे. या दोन साक्षींमधल्या भांडणाचं तिकीट आपण काढलेलं असतं.

पाळणेवाला माणसं बसवतो कशी, ते कधी बघा. ओळीने पेट्या भरत नाही. एक खालची भरतो, चाक अर्धं फिरवतो, मग तिच्या समोरची भरतो. एकाच बाजूला वजन झालं तर मोटरला चाक ओढवत नाही आणि थांबवताना ते आपल्या मनाने घरंगळतं. एका जत्रेत जनरेटर बंद पडला आणि आम्ही अगदी टोकावर अडकलो. वीसेक मिनिटं खाली काळोख, दूर उल्हास नदीवरचा पूल आणि शेजारच्या पेटीत रडणारं पोर. पाळणेवाल्याने शांतपणे एकेक पेटी हाताने खाली आणली, तीही ओळीने नव्हे, समोरासमोरच्या हिशेबाने. चाचपडत, पण चूक न करता.

‘मौत का कुआँ’ मात्र मी फक्त वरून पाहतो. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटरसायकल चालते ती जादूने नव्हे. वेगामुळे चाकं भिंतीवर दाबली जातात आणि त्या दाबातून येणारं घर्षण गाडीला घसरू देत नाही. वेग कमी झाला की दाब कमी, दाब कमी की पकड गेली. चालवणाऱ्याला हे सूत्र ठाऊक असो वा नसो, त्याच्या मनगटाला ते ठाऊक असतं.

आपल्याकडे करमणूक उद्यान ही कल्पना रुजली ती १९८४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या अप्पू घरापासून. ते २००८ मध्ये बंद झालं. मुंबईकरांना १९८९ मध्ये गोराईचं एस्सेल वर्ल्ड मिळालं. मी तेव्हा बी.ए. करत होतो. डोंबिवलीहून दादर, पूल चढून पश्चिम रेल्वे, बोरिवली, तिथून बस आणि शेवटी नावेने गोराईची खाडी. आत शिरेपर्यंत अर्ध्या राइड्स आम्ही वाटेतच करून घेतलेल्या असायच्या!

तिथेच मला रोलर कोस्टर भेटला. या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं त्या उंचीच्या भांडवलावर. म्हणूनच पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा बुटका. चढताना जो कट-कट आवाज येतो, त्याने अनेकांची छाती धडधडते. वास्तविक तो आवाज धीर देणारा आहे. गाडीखालचा खटका दातेरी पट्टीच्या एकेका दातावरून सरकत असतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घरंगळू नये म्हणून केलेली ती सोय. शिवाय चाकं तिहेरी असतात, रुळाच्या वर, बाजूला आणि खालून. खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये पेटंट केली. गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही, ती याच बंदोबस्तामुळे.

आणि एक गुपित. सगळे पहिल्या डब्यासाठी धावतात. मी शेवटचा गाठतो. पुढचे डबे उताराला लागले की मागच्याला खेचतात, त्यामुळे शेवटचा डबा माथा ओलांडतो तो भरधाव. पाटावरून उचलले जातो आम्ही!

गाडी उलटी फिरवणारा फेराही नीट पाहा. तो वर्तुळासारखा गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गोल फेरे करून पाहिले, तेव्हा लोकांच्या माना दुखावल्या. वेगात आलेल्या गाडीला एकदम घट्ट वळण मिळायचं. १९७६ मध्ये व्हेर्नर श्टेंगल या जर्मन इंजिनिअरने कॅलिफोर्नियात खाली सैल आणि वर घट्ट असा फेरा दिला, तेव्हापासून हे थेंब जगभर उभे आहेत. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये, २०१३ मध्ये ते सुरू झालं, ‘नायट्रो’वर बसून याचा अनुभव घेता येतो. त्या गाडीला पायाखाली तळच नाही. आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांची खोपोली लोकल तिथवर नेते, पुढे रिक्षा. २०२२ मध्ये ते उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं.

ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी टिकुजिनी वाडी आहे. तिथे शाळांच्या सहलींनी दोन पिढ्या नेल्या. आता त्याच नावाने ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं तोंड ओळखलं जातं. बोगदा झाला की बोरिवली अगदी हाताशी येईल. गोराईच्या राइड्स मात्र टाळेबंदीनंतर कायमच्या थांबल्या. शेजारचं वॉटर किंगडम तेवढं उरलं. दादरचा पूल चढून गेलेल्या आमच्या पिढीला यावर हसावं की रडावं, कळत नाही.

पण मला अधिक काळजी वाटते ती जत्रेच्या पाळण्याची. मोठ्या उद्यानात राइड कायमची रोवलेली असते, रोज सकाळी रिकामी फिरवून तपासली जाते. जत्रेचा पाळणा दर आठवड्याला सुटा होतो, ट्रकवर चढतो, नव्या गावात नव्या मातीवर उभा राहतो. दरवेळी तेच शेकडो नट नव्याने आवळायचे. पोलिसांचा परवाना असतो, पण त्या कागदाने बोल्ट घट्ट होत नाही. आणि कायम रोवलेलं यंत्रही आपोआप सुरक्षित नसतं. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात लोलकासारखी झुलणारी राइड मधला खांब तुटून कोसळली आणि दोघांचा जीव गेला.

म्हणून बसण्याआधी मी पाळण्याभोवती एक चक्कर मारतो. पायाखालचे लाकडी ठोकळे कोरडे आणि सरळ आहेत का, पाऊस पडून गेला असेल तर माती खचली आहे का. पेटीच्या दाराला खिट्टी आहे की नुसती दोरी. जिथे नट आहे तिथे तो निसटू नये म्हणून आरपार पिन घातली आहे का. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालवणाऱ्याचा हात ब्रेकवर आहे की मोबाइलवर. एवढं बघायला दोन मिनिटं पुरतात. शंका आली तर विचारावं. चांगला पाळणेवाला रागावत नाही. उलट पाना हातात घेऊन दाखवतो.

मुरबाड तालुक्यातल्या म्हसाच्या जत्रेत मला असाच एक जण भेटला. ही जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते, मोठा बैलबाजार भरतो आणि रात्री पाळण्यांचे दिवे लांबून दिसतात. मी पिनांकडे निरखून बघतोय हे पाहून तो म्हणाला, “काका, पयला फेरा माझ्या पोरीचा असतो. ती उतरल्याबिगर तिकीट फाडत नाय.” त्याची मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. ती शेंगा सोलत सगळ्यात वरच्या पेटीत बसली होती, आणि बाप खाली चाकाचा आवाज ऐकत उभा होता.