पाय ओढला म्हणजे दुखलं का?

मागचे दोन्ही पाय लुळे पडलेला कुत्रा टेबलावर आडवा आहे. डॉक्टर मागच्या पायाचं बोट चिमटतात आणि पाय झटकन वर ओढला जातो. मालक खूश, "बघा, त्याला कळतंय!" इथे जरा थांबायला हवं. पाय ओढला जाणं वेगळं आणि दुखणं वेगळं. यांची गल्लत झाली, तर कुत्रा पुन्हा चालेल का, याचा अंदाजच चुकतो.

पाय ओढला जातो तेव्हा नेमकं होतं काय? चिमट्याची संवेदना मुख्यतः सायटिक नर्व्हमधून मज्जारज्जूच्या खालच्या भागात जाते, तिथल्या तिथे इंटरन्यूरॉन्समार्फत मोटर न्यूरॉनपर्यंत पोहोचते आणि स्नायू आखडतात. मेंदूला कुणी विचारतच नाही! चार्ल्स शेरिंग्टन यांनी मेंदूशी मज्जारज्जूचा संबंध तोडलेल्या कुत्र्यांवर हेच अभ्यासलं होतं. अशा कुत्र्याच्या पाठीला गुदगुल्या केल्या तरी मागचा पाय खाजवल्यासारखा हलायचा. १९०६ चं त्यांचं पुस्तक आणि १९३२ चं नोबेल (एडगर एड्रियन यांच्यासोबत) तुम्ही पाठ केलंच असेल.

मग रिफ्लेक्स तपासायचाच कशाला? तर इजा कुठे आहे ते शोधायला. मागच्या पायांची सर्किट्स मज्जारज्जूच्या एल-४ ते एस-३ या सेगमेंटमध्ये असतात. इजा तिथेच असेल तर रिफ्लेक्स मंदावतो किंवा जातो, पाय ढिला पडतो. इजा त्याच्या वर, टी-३ ते एल-३ मध्ये असेल तर खालचं सर्किट शाबूत राहतं, फक्त मेंदूचा लगाम सुटतो. म्हणून रिफ्लेक्स नॉर्मल किंवा उलट जास्तच जोरात येतो. म्हणजे पूर्ण लुळ्या पायातही रिफ्लेक्स दणदणीत असू शकतो. (सेगमेंट आणि मणके यांचे आकडे जुळवत बसू नका. कुत्र्यात सेक्रल सेगमेंट साधारण कमरेच्या पाचव्या मणक्यात असतात.)

यातही चकवे आहेत. पटेलर रिफ्लेक्स फिमोरल नर्व्हचा. पण सायटिक नर्व्हला इजा झाली की गुडघा वाकवणारे विरोधी स्नायू कमजोर होतात आणि पटेलर वाढल्यासारखा दिसतो. वयस्कर कुत्र्यांत तर दुसरा काही आजार नसतानाही तो कधीकधी येत नाही. एकट्या पटेलरवर निदान उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वेदना. ती मेंदूपर्यंत नेणारे मार्ग मज्जारज्जूत खोलवर आणि दोन्ही बाजूंना पसरलेले असतात, म्हणून ही संवेदना सगळ्यात शेवटी जाते. ती तपासताना पायाकडे नाही, तोंडाकडे बघायचं. बोटाचं हाड आर्टरी फोर्सेपने दाबल्यावर कुत्रा वळून बघतो का, ओरडतो का, चावायला येतो का? हलक्या चिमट्यालाच असं झालं तर फोर्सेपची गरजच नाही.

यावर किती अवलंबून असतं ते बघा. मणक्यातली गादी सरकून पाय गेलेल्या कुत्र्यांत ही वेदना शाबूत असेल तर ऑपरेशननंतर सुमारे ९० टक्के कुत्रे पुन्हा चालू लागतात. नसेल तर जवळपास निम्मेच.

रिसर्चला येणाऱ्यांसाठी मुद्दा असा, की केस शीटमध्ये 'पेन रिस्पॉन्स: हो/नाही' असा एकच रकाना असेल तर तो डेटा जवळजवळ निरुपयोगी आहे. पाय ओढला का, हा एक रकाना. डोकं वळवलं का, ओरडला का, हा दुसरा. 'चालतो' या रकान्याचंही तेच. वेदना कधीच परत न आलेले काही कुत्रे महिन्यांनंतर डगमगत का होईना, पावलं टाकायला लागतात. याला स्पाइनल वॉकिंग म्हणतात, आणि त्यातही मागच्या पायांचा ताल बराचसा मज्जारज्जूच सांभाळतो. त्यांना बऱ्या झालेल्यांत धरायचं की नाही, हे पहिली केस नोंदवण्याआधीच प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा.