तळाचा ठाव

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतून रविवारी पहाटे पाचला, मोटारसायकलीला लांब काठ्या बांधून मनमाड रस्त्यानं राहुरीकडे निघालेली माणसं दिसली, तर ती आंबे उतरवायला निघाली आहेत असं समजू नये. ती मुळा धरणाकडे निघालेली असतात. त्यांच्या पिशवीत तंगुसाची एक-दोन रिळं असतात, जुन्या मलमाच्या डबीत गळ असतात, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली गांडुळं, शेंगदाण्याची पेंड आणि भाकरी-ठेचा असतो. शिवाय मूठभर नट. खायचे नव्हेत, लोखंडी. आठवडाभर ज्यांच्याशी पान्यानं झटापट करायची, त्यांच्यातलेच भंगारात निघालेले. शिशाची वजनं बाजारात मिळतात, पण नागापुरात नट फुकट असताना शिसं विकत कोण घेईल?

हा नट पाण्यात टाकल्यावर जे काम करतो, त्याबद्दल मला लिहायचं आहे. मासे न खाणाऱ्या वाचकांनीही पान उलटू नये, कारण हा विषय ताटातला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या धरणांच्या पाण्याखाली काय आहे, हे ज्यांना हातानं कळतं अशा माणसांचा हा विषय आहे.

आधी एक शंका दूर करतो. नागापूरला स्वतःची नदी असताना ही मंडळी तीस-पस्तीस किलोमीटर का जातात? मी लहान असताना नागापूर हे खेडं होतं आणि सीनेला पावसाळ्यानंतरही काही महिने डोह राहायचे. त्या डोहांत आम्ही बांबूची काठी, सुतळी आणि वाकवलेली टाचणी एवढ्यावर मासे धरले आहेत. आज पुलावरून खाली पाहिलं की पाण्याचा रंगच सांगतो, शहराचं काय काय त्यात उतरतं ते. तिथं आता कोण राहू शकतं? जो हवेतूनही श्वास घेऊ शकतो तो परदेशी मांगूर. या आफ्रिकन मांगुरावर देशात 2000 सालापासून बंदी आहे, पण बंदीचा कागद त्याला कुणी वाचून दाखवलेला नाही. नळाला पाणी येतं ते मुळा धरणाचं, आणि काठ्याही तिकडेच जातात. पाणी आणि माणूस दोघांनी सीनेकडे पाठ फिरवली, असं म्हणायला हरकत नाही.

मुळा ही हरिश्चंद्रगडाच्या डोंगरातून निघालेली नदी. बारागाव नांदूरजवळ तिला अडवलं आणि सव्वीस टीएमसीचा जलाशय तयार झाला. ऐंशीच्या दशकात माझी बँकेची नोकरी त्या पट्ट्यात होती. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून दिलेल्या कर्जाची होडी आणि जाळी जागेवर आहेत की नाहीत, हे पाहायला मी जायचो. जाळं हे तारण म्हणून फार वाईट, ते नेहमी पाण्यात असतं आणि अधिकाऱ्याला पोहता येत नसतं. पण त्या फेऱ्यांमध्ये एक गोष्ट कळली. होडीवाले जलाशयाला कधी 'पाणी' म्हणून बोलत नसत. ते म्हणत, 'इथं मळा हाय', 'तिकडं नळी हाय, जुनी नदी'. ज्या जमिनीला वर्षानुवर्षं ऊन लागलं नव्हतं, तिचा सातबारा त्यांच्या तोंडी होता.

मासे काही सगळे एकाच मजल्यावर राहत नाहीत. कटला वरच्या थरात चरतो, राहू मधल्या, आणि मृगळ तळाशी. तळाचे खरे भाडेकरू मात्र शिंगाळा आणि वाम. वाम लांबट, सोंडेसारख्या नाकाचा, दगडांच्या कपारीत मुरणारा. शिंगाळ्याच्या तोंडाला मिशांच्या चार जोड्या, आणि छातीच्या परांतला काटा असा की हातात घुसला तर रविवारचा सोमवार होतो. या शिंगाळ्याची एक गंमत सांगितलीच पाहिजे. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी 1824 पासून काही वर्षं दख्खनची मोजदाद करत हिंडला. त्यानं इथल्या माशांचंही वर्णन केलं आणि शास्त्रीय नावं देताना लॅटिनच्या खटाटोपात न पडता आपल्या लोकांच्या तोंडची नावं उचलली. म्हणून आजही जगभरच्या ग्रंथांत हा मासा 'सीनघाला' आहे. साइक्सनं नाव दिलेल्या इतर माशांत 'नुक्ता', 'कोलुस' आणि 'खुद्री' आहेत. कुणातरी अनाम दख्खनी कोळ्यानं साहेबाला उच्चार सांगितला असेल, आणि तो दोनशे वर्षं टिकला.

आता नटाकडे येतो. तळाच्या माशाला आमिष तळाशीच द्यावं लागतं आणि तिथं नुसता गळ पोचत नाही, म्हणून वजन. पण वजन बांधण्यात खरी विद्या आहे. वजन दोरीला घट्ट बांधलं, तर मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला ओझं जाणवतं आणि तो थुंकून निघून जातो. म्हणून दोरी वजनाच्या भोकातून मोकळी सरकली पाहिजे, म्हणजे वजन तळावर पडून राहतं आणि मासा निर्धास्तपणे दोरी घेऊन चालू लागतो. नटाला भोक आयतंच असतं. पण आतल्या आट्यांची धार तंगूस कापते. यावर नागापूरकरांचा तोडगा असा, की बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलचा इंचभर तुकडा नटात बसवायचा आणि दोरी त्यातून ओवायची. पुढं एक मणी, मग पितळी फिरकी, मग हात-दीड हात बारीक तंगूस आणि शेवटी गळ. मणी यासाठी, की नट येऊन गाठीवर आपटू नये. फिरकी यासाठी, की आमिष पाण्यात फिरलं तरी दोरीला पीळ पडू नये. गाठ मारताना टोक पाच वेळा गुंडाळायचं आणि आवळण्याआधी थुंकीनं ओलं करायचं. कोरडी आवळली तर घर्षणानं तंगूस तापतं आणि नेमकं तिथंच तुटतं.

गळांच्या आकड्यांनी नवशिका हमखास चक्रावतो. दहा नंबरचा गळ सहापेक्षा लहान, सहाचा एकपेक्षा लहान. पण एकानंतर 'एक शून्य', 'दोन शून्य' सुरू होतात आणि मग आकडा वाढेल तसा गळ वाढतो. माझ्यासारख्या खतावणीत आयुष्य गेलेल्याला हे लगेच उमगलं. एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा.

आमच्या गल्लीतले एक मामा, फिटर म्हणून निवृत्त झालेले, यातले जाणते. त्यांच्याबरोबर मी बऱ्याचदा जातो, बहुतेक वेळा डबा सांभाळायला. मामा पहिला अर्धा तास गळाला आमिषच लावत नाहीत. नुसता नट फेकतात, तो पडत असताना तोंडानं आकडे मोजतात आणि दोरी ढिली पडली की थांबतात. मग दोरी तर्जनीवर घेऊन हळूहळू ओढतात.

"सायेब, डोळं मिटा आन् हे धरा," एकदा त्यांनी दोरी माझ्या बोटावर दिली. "काय लागतंय?"

"टिकटिक होतंय."

"मुरूम. आता?"

"जड झालं. चिखलात रुतल्यासारखं."

"गाळ. आता एक झटका बसंल बघा. बसला? त्यो बांध. बांधाच्या खालच्या अंगाला शिंगाळा बसतो, बैल सावलीला बसावा तसा."

बांध! म्हणजे कुणाच्या तरी दोन वावरांमधला. ज्यावरून भाऊबंदकी झाली असेल, कोर्टात तारखा पडल्या असतील असा. तो आता माशांच्या कामी आला आहे, आणि कारखान्यातला माणूस तो बोटानं वाचतो आहे. नायलॉनचं तंगूस ताणलं की थोडं लांबतं, त्यामुळे ही टिकटिक बोथट होते. हल्लीची विणीची दोरी अजिबात लांबत नाही, पन्नास मीटरवरचा खडाही कळतो. मामा मात्र तंगूसच वापरतात. विणीची दोरी बोट कापते आणि खिसाही, असं त्यांचं म्हणणं.

अशीच विद्या पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, अमेरिकेत, फोफावली आहे. तिथं बास नावाचा मोठ्या तोंडाचा शिकारी मासा आहे. विसाव्या शतकात तिथंही नद्यांवर धरणं झाली, झाडं-कुंपणं पाण्याखाली गेली आणि बास त्या खोडांत दडून राहू लागला. तिथं गळ टाकावा तर अडकतो. 1949 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थानं घरच्या स्वयंपाकघरात मऊ प्लॅस्टिक ओतून गांडूळ तयार केलं. टायरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव, त्यामुळे 'रबरी किडा' हे नाव शोभून दिसतं, पण तो रबराचा नाही. या किड्याच्या जोडीनं त्यांची 'टेक्सस' बांधणी रूढ झाली. बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार वजन पुढं, आणि गळाचं टोक किड्याच्याच अंगात लपवलेलं, म्हणजे खोडाझुडपांतून किडा सरपटत गेला तरी गळ अडकत नाही. मासा चावला आणि झटका दिला की टोक बाहेर येतं. दुसरी 'कॅरोलिना' बांधणी. सरकतं वजन, मणी, फिरकी, हात-दोन हात दोरी आणि गळ. वाचकांच्या लक्षात आलं असेल. रिफिलवाल्या नटाची जी बांधणी नागापूरच्या फिटरनं कॅरोलिना नकाशात न पाहता केली, ती हीच.

रबरी किडे आणि रबरी बेडूक आता आपल्याकडेही मिळू लागले आहेत आणि तरुण मंडळी त्यांवर फिदा आहेत. माझं मत विचाराल तर ते माशागणिक वेगळं आहे. मरळ डोळ्यानं शिकार करते, ती या नकली ऐवजाला सहज फसते. रबरी बेडूक आला तो चांगलाच झाला, कारण पूर्वी जिवंत बेडकाच्या पाठीत गळ खुपसायचे. ते पाहवत नसे. पण मृगळ आणि शिंगाळा वासानं आणि स्पर्शानं चालतात. त्यांना प्लॅस्टिक कळतं. अमेरिकन लोक किड्यांत मीठ, लसूण, बडीशेपेसारखा वास घालतात म्हणे. आमचे मामा पेंडीत हिंग मळतात. दोघांचाही हेतू एकच, पण पेंड विरघळून जाते आणि प्लॅस्टिक तळाशी राहतं. प्यायच्या पाण्यात टाकायची ही वस्तू नव्हे, फाटलेला किडा खिशात घालून घरी आणावा.

मरळीबद्दल आणखी एक. तिची पिल्लं लालसर रंगाच्या घोळक्यानं पृष्ठभागावर फिरतात आणि आई-बाप खालून राखण करतात. घोळक्यावर बेडूक फेकला की राखणदार चवताळून हमखास झडप घालतो. ही सगळ्यात सोपी शिकार आणि सगळ्यात हलकट. आई-बाप उचलले की तासाभरात पिल्लांचा फडशा पडतो. मामा असा घोळका दिसला की काठी खाली ठेवतात. पोरांना दटावतातही, पण पोरं ऐकतातच असं नाही.

कुणाच्या डोक्यात अमेरिकन बासच इकडे आणून सोडावा असं येईल, म्हणून सांगतो. जपाननं 1925 साली आशी सरोवरात तो सोडला. पुढं तो देशभर पसरला, देशी माशांवर ताव मारू लागला आणि 2005 साली तो बाळगायला आणि सोडायला कायद्यानं मनाई करावी लागली. आपल्याला मांगूर पुरेसा आहे.

नटाच्या बाजूनं एक वैज्ञानिक दाखलाही आहे. ब्रिटनमध्ये गळाची हरवलेली शिशाची वजनं खड्यांबरोबर गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा 1987 साली तिथं लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. बदकं-हंस अन्न दळण्यासाठी खडे गिळतात आणि शिसं त्यांच्या पोटात झिजून रक्तात उतरतं. आपल्याकडे जायकवाडीच्या पाण्यावर दरवर्षी हजारो पाहुणे पक्षी उतरतात. लोखंडी नट हरवला तर तो गंजतो, एवढंच. नागापूरकरांनी तो कंजूषपणानं निवडला असेल, पण निवड बरोबर आहे. दगडी तळावर ते नट जाड दोरीला न बांधता कच्च्या सुती धाग्यानं लटकवतात. अडकला तर धागा तुटतो, नट जातो, गळ आणि मासा वाचतो. जलाशयातली मासेमारी मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेली असते, तेव्हा संस्थेच्या माणसाला विचारूनच बसावं. जाळ्याच्या बोयांजवळ गळ टाकू नये. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे, त्याच्या पाण्यात आपण रविवारचे पाहुणे असतो.

मे महिन्यात पाणी उतरतं. उजनीच्या पोटातलं पळसदेवचं जुनं मंदिर दुष्काळात उघडं पडतं, त्याचे फोटो वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी पाहिले आहेत. मुळेच्या फुगवट्यात असं काही फोटोजोगं मी पाहिलेलं नाही. भेगाळलेला गाळ, बांधांच्या रेषा, बाभळीची काळी खोडं. मामा आणि दोघे-तिघे तेव्हा गळ न घेता जातात. रिकामी पिशवी घेऊन त्या कोरड्या तळावरून चालतात आणि वर्षभर अडकलेले नट, गळ, तंगुसाचे गुंते, पोरांचे रबरी बेडूक गोळा करतात. एका बाभळीच्या खोडाला गेल्या खेपेस अकरा नट निघाले. मामांनी ते मोजून पिशवीत टाकले, मग खोडाला पाठ लावून उभे राहिले, समोरच्या डोंगराची खिंड आणि काठावरचं मंदिराचं शिखर एका रेघेत येतंय का ते पाहिलं आणि म्हणाले, "धेनात ठेवा सायेब. दिवाळीनंतर ह्याच्या डाव्या अंगाला टाकायचं."