शेवटचा आकडा

मटक्याचा आकडा कसा निघतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बॅकरॅट हा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ शिकवायला पाच मिनिटं पुरतात. मटक्यात तीन पानांची बेरीज करायची, दशक सोडायचं, एकक धरायचं. पाच, तीन, सहा म्हणजे चौदा; आकडा आला चार. १९६०च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी नावारूपाला आणलेला हा हिशेब मराठवाड्यातल्या बिडकीनच्या टपरीपर्यंत कधीच पोचलाय. पणजीत मांडवीतल्या कॅसिनो-जहाजांवर सुटाबुटातला डीलरही हेच गणित करतो, फक्त तिथे ते कायदेशीर आहे.

बिडकीनलाच पैठण रोडवरच्या एका हॉटेलात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, तिथल्या काकांनी जुना कॅट काढला. पैशांऐवजी हरभरे. खऱ्या टेबलावर आठ कॅट एकत्र पिसतात. आम्ही एकावर भागवलं. एक्क्याचा एक, दुर्री ते नव्वीची जशीच्या तशी किंमत, दश्शी आणि चित्रांचं शून्य. प्लेयर म्हणजे आपण आणि बँकर म्हणजे कॅसिनोचा मालक, असं नाही. अंदर-बाहरसारख्या या नुसत्या दोन बाजू. कुठल्याही बाजूवर लावा.

दोन्हीकडे दोन-दोन पानं पडली. प्लेयरला राजा आणि पंजी, म्हणजे पाच. बँकरला दश्शी आणि चौकी, म्हणजे चार. कुणाचे आठ किंवा नऊ झाले असते तर डाव तिथेच संपला असता. प्लेयरनं पाचपर्यंत तिसरं पान घ्यायचंच, सहा-सातवर थांबायचं. पान आलं अठ्ठी. पाच आणि आठ तेरा, म्हणजे तीन.

आता काकांचा हात बँकरच्या पानाकडे गेला. थांबवावं लागलं. बँकरच्या चारावर तिसरं पान तेव्हाच, जेव्हा प्लेयरचं तिसरं पान दुर्री ते सत्ती असेल. अठ्ठीवर नाही. चार विरुद्ध तीन, बँकर जिंकला. इथे अक्कल कुणालाच लढवायची नसते, तक्ता ठरलेला असतो. पण तो तक्ता बँकरला समोरच्याचं पान बघून मग वागू देतो आणि साऱ्या खेळाची मेख तेवढीच. अंदर-बाहरमध्ये ज्या बाजूला पहिलं पान पडतं तिचं पारडं किंचित जड. इथे नंतर येणाऱ्याचं.

किती जड? शंभर डावांत बँकर सरासरी ४५.८६ वेळा जिंकतो, प्लेयर ४४.६२ वेळा, उरलेले ९.५२ डाव बरोबरीचे, त्यात दोघांचे पैसे परत. म्हणूनच बँकरच्या जिंकण्यातून पाच टक्के कापतात. ते कापूनही मालकाला बँकरवर शंभरामागे १.०६ रुपया सुटतो, प्लेयरवर १.२४. मटक्यात एका आकड्यावर दहाला नव्वद मिळतात, म्हणजे शंभराला दहा गेले.

काका खूश झाले. एवढं स्वस्त! पण मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा, ओपन आणि क्लोज. दोन्हीला शंभर लावले तर सरासरी वीस रुपये जातात. बॅकरॅटचे तासाला सत्तर डाव धरले, तर बँकरवर दर डावाला शंभर म्हणजे सात हजारांची उलाढाल, त्यातले चौऱ्याहत्तर गेले. चार तासांत तीनशे. मोबाइलवर तर पानं पिसायलाही वेळ लागत नाही. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात (डीएमआयसी) गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याचे पैसे पाहिलेल्या या गावाला हा वेग समजावून सांगायला हवा. २०२५च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तरी.

खऱ्या टेबलावर मागचे डाव लाल-निळ्या गोलांत लिहितात, लोक त्यात रांगा शोधतात. काकांना हे नवं नव्हतं. मटक्याचे चार्ट त्यांनीही वाचलेत. पानांना मागचं काही आठवत नसतं. कॅटमधून गेलेल्या पानांनी शक्यता हलते खरी, पण इतकी थोडी, की तिच्या भरवशावर कुणी पोट भरू शकत नाही.

सगळ्यात वाईट सौदा म्हणजे टाय. बरोबरीवर आठपट नफा मिळतो, पण मालक शंभरामागे १४.३६ ठेवतो. मटक्याहून महाग. हे दोनदा सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि पुढचे पाच हरभरे टायवरच ठेवले. “आठपट देतोय ना,” म्हणाले, “वाट पान.”