काकडी नको? मग मटकी शिजवा!

रविवारी खडकवासला धरणावर गरम कांदाभज्यांचा वास सुटला की वजन उतरविण्याचा निश्चय डळमळतो. त्यात कच्ची काकडी-गाजरे अनेकांच्या घशाखाली उतरत नाहीत. नसतील उतरत, तर नकोत! शिजवलेली पालेभाजीही पोट भरते. तांदुळजा, चाकवत लसणावर परता; चौघांच्या भाजीला दोन चमचे तेल पुरे. मोडाच्या मटकीची पातळ उसळ किंवा हुलग्याचे माडगे, जोडीला एकच ज्वारीची भाकरी. धरणावर भज्यांऐवजी भाजलेले कणीस घ्या, मीठ-लिंबू लावून. मुलांच्या प्लेटीतले एखादे भजे खाल्लेत तरी बिघडत नाही.

खरी गोम उरलेल्या अन्नात आहे. टाकवत नाही म्हणून घरची बाई शेवटी पातेले निपटून खाते. भगिनींनो, पीठच मोजून मळा.

कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत तथागतांकडे आला, अशी कथा संयुत्तनिकायात आहे. तथागतांनी प्रमाणात जेवण्याची गाथा सांगितली. राजाचे जेवण चालू असताना एक तरुण ती रोज म्हणे. राजा हळूहळू नाळीभर, म्हणजे एका मापाच्या, भातावर आला आणि सडपातळ झाला.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर भाकरी घटविण्याआधी डॉक्टरांना विचारावे.