नाताळच्या पेटाऱ्यातली अनोळखी गाणी

'जिंगल बेल्स'च्या पलीकडेही नाताळचे संगीत आहे. एका जगप्रसिद्ध गायकाने रेडिओच्या माइकसमोर बसून ते श्रोत्यांपुढे मांडले.

डिसेंबर उजाडला, की केकच्या दुकानापासून कपड्यांच्या दुकानापर्यंत एकच सूर कानावर पडू लागतो, 'जिंगल बेल्स'. बालवाडीतल्या मुलांनाही ते पाठ असते. गंमत म्हणजे जेम्स पियरपाँट या अमेरिकन संगीतकाराने १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या या गाण्यात नाताळचा साधा उल्लेखही नाही. बर्फावरून घसरत जाणाऱ्या घोडागाडीचे ते गाणे आहे. त्याच्या जोडीला 'सायलेंट नाइट', 'व्हाइट ख्रिसमस' आणि तो लाल नाकाचा रुडॉल्फ. एवढी चार-पाच गाणी झाली, की नाताळचे संगीत संपले अशीच आपली समजूत असते.

अमेरिकेतही फारसे वेगळे नाही. तिथली कितीतरी रेडिओ केंद्रे नोव्हेंबरपासूनच चोवीस तास नाताळगीते लावतात. पण यादी ठरलेली, गायक ठरलेले. अशा या देशात २० डिसेंबर २००६ रोजी, बुधवारी, एका उपग्रह रेडिओवर दोन तासांचा कार्यक्रम झाला आणि त्यात चक्क न ऐकलेल्या गाण्यांनी नाताळ साजरा झाला. निवेदक होता बॉब डिलन. 'ब्लोइंग इन द विंड'चा कवी-गायक, पुढे २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळालेला. त्या वेळी त्याचे वय होते पासष्ट.

बुधवारची मैफल

कार्यक्रमाचे नाव 'थीम टाइम रेडिओ अवर'. ३ मे २००६ रोजी तो एक्सएम या वाहिनीवर सुरू झाला. दर आठवड्याला एक विषय घ्यायचा आणि त्यावरची गाणी शोधून लावायची. पहिला विषय होता हवामान. नंतर आई, मद्यपान, तुरुंग, कॉफी असे करत करत स्वारी नाताळवर आली. एप्रिल २००९ पर्यंत असे शंभर भाग झाले. एक्सएम ऐकण्यासाठी वेगळे यंत्र लागे आणि वर्गणीही भरावी लागे. आपल्याकडे वर्ल्डस्पेस नावाची अशीच सेवा होती. २००९च्या अखेरीस ती बंद पडली.

बुधवार म्हटल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांना 'बिनाका गीतमाला' आठवल्यावाचून राहणार नाही. रेडिओ सिलोन लागावे म्हणून काटा केसाएवढा सरकवत बसायचे ते दिवस! मिनेसोटा राज्यातल्या हिबिंग या खाणींच्या गावात वाढलेल्या डिलनचे लहानपणही असेच गेले. रात्र झाली, की शेकडो मैलांवरच्या दक्षिणेकडील केंद्रांवरून कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत ऐकू येई आणि हा मुलगा ते कानात साठवून ठेवी. म्हातारपणी त्याने मांडलेली ही मैफल म्हणजे त्या रात्रींचीच परतफेड म्हणायची.

निवेदनाची तऱ्हाही जुन्या रेडिओची. खर्जातला, घोगरा आवाज, मध्येच एखादा पाचकळ विनोद, मग गायकाची दोन ओळींत ओळख. कार्यक्रम 'अ‍ॅबरनॅथी बिल्डिंग'मधून होत असल्याचे सांगितले जाई, पण अशी इमारतच नव्हती! नाताळच्या भागात डिलनने सांताक्लॉजच्या आगमनाची १८२३ सालची प्रसिद्ध बालकविताही वाचून दाखवली. आजोबांनी नातवंडांना गोष्ट सांगावी, तशी.

एवढी गाणी आली कुठून? यामागे एक अवलिया होता, कार्यक्रमाचा निर्माता एडी गोरोडेट्स्की. नाताळची विचित्र, विसरलेली गाणी जमवण्याचा त्याला छंद. त्यातून निवडलेल्या गाण्यांच्या कॅसेट भरून तो मित्रांना सणाची भेट म्हणून पाठवी. १९९० साली त्याच्या निवडीची एक तबकडीही निघाली.

सांताक्लॉज आणि मृत्यू

असा पेटारा उघडला, की त्यातून काय काय निघते! क्यूबाची सेलिया क्रूझ आपल्या ओळखीचे 'जिंगल बेल्स' अशा ठेक्यात गाते, की बर्फ वितळून जावा. रेड सिम्प्सनचा ट्रक-ड्रायव्हर नाताळची झाडे लादून रस्त्याला लागलेला असतो. ज्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे टेक्सास आणि लुइझियानाच्या तुरुंगांत गेली, तो लेडबेली बारा तारांची गिटार घेऊन लहान मुलांसाठी नाताळचे गाणे म्हणतो. सनी बॉय विल्यम्सनच्या गाण्यातला नवरोबा तर बायकोने लपवलेली भेटवस्तू शोधण्यासाठी कपाटाचे खण उचकत बसतो आणि घरमालकीण पोलिसांना बोलावते. अटलांटाचे रेव्हरंड जे. एम. गेट्स यांनी १९२६ साली एक प्रवचन ध्वनिमुद्रित केले. यंदा तुमच्या दारात सांताक्लॉज म्हणून मृत्यूच येईल, तेव्हा सावध राहा, असा त्याचा आशय. सणासुदीला असले बोलू नये, असे आपली आजी म्हणाली असती. पण ज्या वस्तीत मृत्यू खरोखरच दाराशी बसलेला असे, तिथे ही तबकडी लोक पैसे देऊन घेत होते.

आपल्या परिचयाच्या नाताळगीतांत बर्फ, शेकोटी आणि भरलेले ताट असते. त्यातली बरीचशी लिहिलीही गेली ती सोईस्कर ठिकाणी. 'लेट इट स्नो' तर १९४५च्या जुलैत, हॉलिवूडच्या उकाड्यात! ती गाणी वाईट नाहीत. पण सणाच्या दिवशी रस्त्यावर असलेला, कोठडीत असलेला, खिसा रिकामा असलेला माणूस त्यांत कुठे दिसतो? अनोळखी गाण्यांत तो दिसतो. ती वाजली नाहीत, तर त्या माणसाचा नाताळही आपल्याला कळत नाही. डिलनच्या कार्यक्रमाचे मोल यात आहे.

रेडिओ आणि नाताळ यांचे नाते तसे जुने. १९०६च्या नाताळच्या आदल्या रात्री रेजिनाल्ड फेसेंडन या संशोधकाने अमेरिकेच्या किनाऱ्यावरून स्वतः व्हायोलिन वाजवून ते समुद्रावरच्या जहाजांना ऐकवले, अशी हकीगत आहे. तिच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांत वाद आहे. खरी असेल, तर जगातला पहिला संगीत-प्रसारक हौशी वादकच होता आणि त्याच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी डिलन माइकपुढे बसला.

आपल्या घरचा ठेवा

हे सारे वाचताना वाटते, आपल्या कपाटात काय आहे? फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठीच्या प्रेमात पडला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते छापले गेले. बेथलेहेमच्या बाळाचा जन्म ज्ञानोबांच्या ओवीच्या वळणाने त्यात आला आहे. त्या काळच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ते जगवले. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तावरची भजने मराठी चालींत बांधली, 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले. ते अपुरे राहिले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी पुरे केले. मराठी चर्चमध्ये टिळकांची पदे आजही गायली जातात, पण चर्चच्या भिंतीबाहेरच्या किती मराठी घरांना ती ठाऊक आहेत?

तमिळनाडूतली गोष्ट तर आणखी जवळची. तंजावरचे सरफोजीराजे भोसले आणि वेदनायगम शास्त्रियार हे दोघे श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचे विद्यार्थी. राजे हिंदूच राहिले, शास्त्रियार ख्रिस्ती कवी झाले. त्यांनी कर्नाटक संगीताच्या घाटात ख्रिस्ती कीर्तने रचली आणि 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीला मध्यवर्ती ठेवणारे गीतनाट्य. खुद्द सरफोजींच्या स्तुतीपरही त्यांच्या दरबारात एक कुरवंजी रचली गेली होती. म्हणजे मराठी राजाची स्तुती आणि येशूचा महिमा एकाच शहरात, एकाच नाट्यप्रकारात गायला गेला! रेडिओवर एखाद्या जाणत्या गायकाने तास-दोन तास बोलावे, इतका हा मालमसाला आहे. चेन्नईच्या दुकानांतही डिसेंबरात ऐकू येते ते मात्र 'जिंगल बेल्स'च.

डिलन रेडिओपाशीच थांबला नाही. टेक्सासच्या 'ब्रेव्ह काँबो' या वाद्यवृंदाची तबकडी कुणीतरी कार्यक्रमासाठी पाठवली होती. त्यातले पोल्का ठेक्यातले 'मस्ट बी सांता' त्याच्या मनात असे बसले, की ऑक्टोबर २००९मध्ये निघालेल्या स्वतःच्या 'ख्रिसमस इन द हार्ट' या नाताळगीतांच्या संचात त्याने ते गायले. समीक्षक बुचकळ्यात पडले. ज्यू घरात जन्मलेला हा बंडखोर कवी थट्टा तर करत नाही ना? थट्टा नव्हती. संचाचे सारे मानधन त्याने कायमचे भुकेल्यांच्या अन्नासाठी देऊन टाकले. एकट्या अमेरिकेत त्या सणात १४ लाख लोकांना ४० लाखांहून अधिक जेवणे मिळतील, असे तेव्हा जाहीर झाले. ब्रिटनमधले बेघर आणि गरीब देशांतली शाळकरी मुलेही त्यात होती.

या संचाबद्दलची मुलाखत त्याने बड्या दैनिकांना न देता, बेघर माणसे रस्त्यावर उभी राहून जी नियतकालिके विकतात, त्यांना दिली. ज्यू मुलगा म्हणून नाताळात कधी परके वाटले का, असे तीत विचारले गेले. तसे मुळीच वाटले नाही, असे सांगून तो हिबिंगचा बर्फ, घरोघर गात फिरणारी मंडळी आणि गावातल्या घंटा आठवत राहिला. मग प्रश्न आला, सणाला मिळालेली सगळ्यात चांगली भेट कोणती? जरा विचार करून तो म्हणाला, बहुतेक बर्फावरची घसरगाडी.