टोलेडो ते नाशिक : जीप घराण्याचा प्रवास

जीपचा जन्म अमेरिकी लष्कराच्या एका निविदेतून झाला. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला आणि आपल्यालाही या युद्धात उतरावे लागणार, हे अमेरिकेच्या सेनाधिकाऱ्यांना कळून चुकले. टेहळणीसाठी त्यांच्याकडे साइडकार जोडलेल्या मोटारसायकली आणि जुन्या मोटारी होत्या. चिखलात दोन्ही रुतत. जुलैमध्ये लष्कराने १३५ उत्पादकांना पत्रे पाठवली. त्यांना चारही चाकांना ताकद मिळणारी, तीन माणसे बसतील अशी, पुढची काच दुमडता येणारी आणि जेमतेम ५९० किलो वजनाची गाडी हवी होती. पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला होता.

एवढ्या कमी मुदतीत हे काम अंगावर घेण्याची तयारी दाखवली ती दोनच कंपन्यांनी. एक होती ओहायोमधल्या टोलेडोची विलिस-ओव्हरलँड, दुसरी पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम. बँटम ही लहान मोटारी बनवणारी, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी असलेली कंपनी. तिने कार्ल प्रॉब्स्ट या डेट्रॉइटच्या स्वतंत्र अभियंत्याला गळ घातली. प्रॉब्स्टने अवघ्या दोन दिवसांत गाडीचा आराखडा कागदावर उतरवला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला थोडाच अवधी उरला असताना, बँटमची गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत दाखल झाली. पुढे जगभर पसरलेल्या सगळ्या जीपगाड्यांची मूळ गाडी हीच.

यानंतर जे घडले ते बँटमवर अन्याय करणारे होते. एवढी छोटी कंपनी हजारो गाड्या पुरवू शकणार नाही, असे ठरवून लष्कराने तिचे आराखडे विलिस आणि फोर्ड यांच्या हाती दिले. त्यांनीही आपापले नमुने आणले. विलिसचा मुख्य अभियंता बार्नी रूस याच्याकडे मात्र एक हुकमी पत्ता होता : ‘गो डेव्हिल’ नावाचे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन. इतरांच्या इंजिनांपेक्षा ते बरेच जोरदार होते. गाडी मात्र वजनाच्या मर्यादेत बसेना. लष्कराने मर्यादा सुमारे ९८० किलोपर्यंत वाढवून दिली, तरी रूसच्या माणसांना बोल्टची जास्तीची लांबी कापून आणि रंगाचा थर पातळ करून थोडे थोडे वजन उतरवावे लागले. १९४१ मध्ये मोठी मागणी विलिसला मिळाली. तिच्याच आराखड्याबरहुकूम फोर्डनेही गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सुमारे ६,४०,००० गाड्या तयार झाल्या. बँटमच्या वाट्याला आले ते मुख्यतः जीपमागे जोडायचे ट्रेलर बनवण्याचे काम. युद्धानंतर ही गाडी आपणच निर्माण केली असे विलिस जाहिरातींतून सांगू लागली, तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९४८ मध्ये तिला तसा दावा करण्यास मनाई केली. बँटमला न्याय मिळाला, पण फार उशिरा.

या गाडीचे रूप ठरवायला कोणी सौंदर्यतज्ज्ञ बसला नव्हता. मडगार्ड सपाट, कारण सपाट पत्रा वाकवायला सोपा आणि त्यावर सामान ठेवता येते, वेळ पडली तर माणूसही बसतो. दारे नाहीत, कारण गोळीबारात क्षणात बाहेर उडी मारता आली पाहिजे. पुढची जाळी आधी लोखंडी पट्ट्या जोडून करत. फोर्डने ती एकाच पत्र्यात उभ्या खाचा कापून केली, कारण ते स्वस्त पडत होते. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये दिवे मोठे झाले, खाचा नवाच्या सात झाल्या आणि त्या सात खाचा पुढे कंपनीची ओळख बनल्या. आज लाखो रुपये मोजून लोक ज्या चेहऱ्यावर जीव टाकतात, त्याची प्रत्येक रेघ अशी काटकसरीतून आणि घाईतून उमटलेली आहे. जीपचे सौंदर्य ते हेच. अंगावर वायफळ असे काहीच नाही.

तिची ताकद कशात आहे हेही समजून घेण्याजोगे आहे. साध्या मोटारीत इंजिनाची ओढ दोनच चाकांना मिळते. ती दोन चाके चिखलात फिरू लागली की गाडी थांबते. जीपमध्ये गिअरबॉक्सला लागून आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिथून एक दांडा मागच्या आणि एक पुढच्या चाकांकडे जातो. दुसरा लिव्हर ओढला की पुढची चाकेही ओढू लागतात आणि तिसरा ओढला की ‘लो’ गिअर पडतो. मग गाडी माणसाच्या चालीने, पण दुपटीहून अधिक जोराने चढण चढते. याला साथ असते ती आखूड बांध्याची. चाके गाडीच्या अगदी टोकांना असल्यामुळे तोंडाशी आलेला दगड बंपरला न लागता थेट चाकाखाली येतो. मूळ विलिसच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर जेमतेम दोन मीटर होते. खाली जाड लोखंडी चासी, तिला पाट्यांवर टेकलेले भक्कम आस, आणि कुठल्याही लोहाराला वा मिस्त्रीला उघडता येईल असे इंजिन, एवढ्यात सगळी रचना संपते.

युद्धाने या रचनेची कसून परीक्षा घेतली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ती धावली, फ्रान्समध्ये स्ट्रेचर बांधून जखमींना घेऊन धावली आणि ब्रह्मदेशात तर रबरी टायरच्या जागी लोखंडी चाके लावून रुळांवरून डबे ओढत चालली. युद्धाने तिचा वंशही जगभर पसरवला. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचा मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर लष्कराची जुनी जीप वापरत असे. ती पाहूनच त्याला लँड रोव्हर सुचली आणि १९४८ मध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती जगासमोर आली. जपानमध्ये टोयोटाने १९५१ मध्ये जीपच्या धर्तीवर बनवलेली गाडी फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली. तिचेच नाव पुढे लँड क्रूझर झाले. मित्सुबिशीने तर परवाना घेऊन खरीखुरी जीप १९९८ पर्यंत बनवली.

भारतात जीप आली ती याच युद्धाच्या लाटेबरोबर. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे संस्थापक. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. त्याआधीच, १९४७ मध्ये, सुट्या भागांच्या रूपात ७५ विलिस गाड्यांची पहिली खेप मागवण्यात आली होती. मुंबईत माझगावला त्या जोडल्या जाऊ लागल्या. रस्ते तुरळक आणि खेडी लाखो असलेल्या या नव्या देशाला अशाच गाडीची गरज आहे, हा महिंद्रा बंधूंचा अंदाज अचूक ठरला.

सरकारलाही जीप तितकीच हवी होती. काश्मीरचे युद्ध चालू असताना १९४८ मध्ये लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी २०० जीप खरेदी करण्याचा ८० लाख रुपयांचा करार केला. प्रत्यक्षात १५५ गाड्या आल्या आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. संसदेत त्यावरून वादळ उठले, १९५५ मध्ये सरकारने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून त्याची नोंद आजही केली जाते.

सतरा वर्षांनी त्याच सैन्याच्या इतिहासात जीपची नोंद पुन्हा झाली, आणि या वेळी ती अभिमानाची होती. १० सप्टेंबर १९६५ रोजी पंजाबच्या खेमकरण भागात, असल उत्तरच्या लढाईत, ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांना भिडले. उसाच्या आणि कापसाच्या शेतांतून जागा बदलत त्यांनी एकामागून एक रणगाडे टिपले आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर परमवीरचक्राने त्यांचा गौरव झाला. पोलादी रणगाड्यापुढे उघड्या जीपमध्ये बसून लढण्यासाठी लागणारे धैर्य शब्दांत मावणारे नाही. गाडी फक्त चपळ आणि ठेंगणी होती, बाकी सगळे त्या माणसाचे होते.

माझगावात जोडली जाणारी गाडी हळूहळू इथेच घडू लागली. १९५० च्या दशकात विलिसशी सहकार्याचा करार झाला. सीजे या नागरी जीप मालिकेतले सीजे-३बी हे उंच बोनेटचे मॉडेल भारतात रुजले ते याच काळात. अमेरिकेत ही गाडी १९६८ मध्ये बंद झाली. भारतात मात्र तिचा सांगाडा वेगवेगळ्या नावांनी पुढे चार दशके चालत राहिला. मधल्या काळात तिचे हृदय बदलले. १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले आणि पेट्रोलवर चालणारी जीप सामान्य माणसाला परवडेना. आधी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन तिच्यात बसवले गेले. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून २,११२ सीसीच्या डिझेल इंजिनाचा परवाना मिळाला आणि इगतपुरीत ते तयार होऊ लागले. एमएम ५४०, एमएम ५५०, कमांडर, मार्शल या सगळ्या गाड्या त्यानंतरच्या. भारतीय जीपचे हे डिझेल पर्व अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या फारसे गणतीत नाही, पण लोकांच्या आयुष्यात जीप खऱ्या अर्थाने शिरली ती याच पर्वात.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तर जीपने एसटीची उणीव भरून काढली. कोल्हापूर, सातारा, सांगलीकडे तिला वडाप म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी. सीट भरल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि भरली तरी आणखी दोघांना जागा व्हायचीच. मागे फूटबोर्डवर लोंबकळणारा पोरगा, टपावर भाजीची पोती, पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसलेले तिघे. बाजार, दवाखाना, कॉलेज, लग्न, मयत, सगळ्याला हीच. तहसीलदार, फौजदार, वन अधिकारी यांची सरकारी जीप गावात शिरली की चावडीवर धावपळ होई आणि निवडणुकीत कर्णे बांधलेली जीप वाड्यावस्त्यांपर्यंत जाई. इतक्या वेगवेगळ्या थरांतली माणसे एकाच गाडीत बसल्याचे उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

याच वापरात तिचे दोषही उघडे पडले. उंच बांधा आणि आखूड लांबी यांमुळे वेगात वळण घेताना जीप उलटण्याचा धोका असतो. अमेरिकेत १९८० मध्ये सीजे-५ या मॉडेलवरून दूरचित्रवाणीवर मोठी चर्चा झाली. आपल्याकडे दुप्पट-तिप्पट प्रवासी कोंबलेल्या गाड्यांचे अपघात घाटरस्त्यांवर अनेकदा झाले आणि त्यांत गरीब माणसांचेच जीव गेले. जीपच्या कौतुकात ही बाजू झाकली जाऊ नये.

रस्ते सुधारले, २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली, तशी उघडी जीप मागे पडली. सैन्यातही मारुतीच्या जिप्सीने तिची जागा घेतली होती. लष्कराच्या लिलावातल्या जुन्या गाड्यांना नवे रूप देणाऱ्या हरियाणातल्या मंडी डबवालीच्या कारागिरांनी आणि मोजक्या हौशींनी तिची आवड जिवंत ठेवली. ही आवड ओळखून महिंद्राने २०१० मध्ये थार आणली. जुन्या जीपचाच चेहरा, नवे डिझेल इंजिन. २ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे कंपनीच्या स्थापनादिनी, पूर्णपणे नवी थार बाजारात आली. लोखंडी चासी आणि लो गिअर कायम राहिले, पण सोबत एअरबॅग आल्या आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारेही मिळाले. जीपच्या वंशातल्या भारतीय गाडीला सुरक्षिततेचे असे प्रशस्तिपत्र मिळणे ही फार मोठी मजल होती. २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली आणि कुटुंबाची गाडी म्हणूनही तिच्याकडे पाहिले जाऊ लागले.

गरजेतून आलेली गाडी अशी हौसेची झाली. या हौसेला वळण लागण्याची गरज आहे. इगतपुरीजवळ महिंद्राने खडतर वाटांवर गाडी चालवण्याचे शिक्षण देणारे केंद्र उभारले आहे, असा शिस्तीचा मार्ग उपलब्ध आहे. तरीही कोकणातल्या पुळणीवर, नदीच्या पात्रात आणि सह्याद्रीच्या सड्यांवर गाड्या घालण्याचे प्रकार घडतात. सड्यावरची रानफुले आणि पुळणीत घातलेली कासवांची अंडी चाकाखाली कशी चिरडतात, हे गाडीतून दिसत नाही. ज्याला जीप खरोखर आवडते, त्याने ती कुठे न्यायची नाही हेही शिकले पाहिजे.

‘जीप’ हे मूळ अमेरिकी नाव मात्र अनेक हातांतून गेले. विलिसकडून १९५३ मध्ये कैसरकडे, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे आणि २०२१ पासून ते स्टेलांटिस समूहाकडे आहे. प्रत्येक मालक अडचणीत आला, पण जीप विकत घेणारा कोणी ना कोणी भेटतच गेला. या नावाचे मोल किती, हे त्यावरून कळते. महिंद्राने २०१८ मध्ये ‘रॉक्सॉर’ नावाची सीजेच्या वळणाची गाडी अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा जीपच्या मालकांनी आपल्या रूपाची नक्कल झाल्याची तक्रार तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली आणि २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. महिंद्राला गाडीचा चेहरा बदलावा लागला. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्य असेलही. पण ज्या कंपनीने विलिसच्याच परवान्याने हे रूप अमेरिकेपेक्षा अधिक काळ जपले, तिला ते अमेरिकेत वापरता येऊ नये, हे इतिहासाच्या दृष्टीने खटकते.

आज या घराण्याच्या दोन्ही शाखा महाराष्ट्रात नांदत आहेत. थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते. जीप हे मूळ नाव मिरवणारी कंपास २०१७ पासून पुण्याजवळच्या रांजणगावात बनते, तिथून परदेशातही गेली आहे, आणि विलिसची थेट वारसदार असलेली रँग्लर २०२१ पासून तिथेच जोडली जाते.