वेब्ली-फॉस्बेरी रिव्हॉल्व्हर : एका दुर्मीळ शस्त्राचा शोध, परीक्षा आणि संग्रह

शस्त्रास्त्रांच्या इतिहासात यशस्वी झालेल्या शस्त्रांविषयी विपुल लिहिले जाते. जी शस्त्रे कल्पक असूनही मागे पडली, त्यांची नोंद मात्र बहुधा एखाद्या तळटीपेतच होते. वस्तुतः तंत्रविद्येच्या अभ्यासकाला ही दुसऱ्या प्रकारची शस्त्रेच अधिक बोलकी वाटावीत. एखाद्या काळापुढे कोणते पर्याय होते आणि त्यांपैकी कोणता त्याने नाकारला, हे त्यांच्यावरूनच कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे तयार झालेली वेब्ली-फॉस्बेरी रिव्हॉल्व्हर हे याचे उत्तम उदाहरण होय. तिची एकूण निर्मिती पाच हजारांहून कमी झाली. आज ती जगभरच्या संग्राहकांच्या विशेष आवडीची वस्तू आहे, आणि नेमक्या याच आवडीमुळे तिच्या ठायी असलेला ऐतिहासिक पुरावा धोक्यात आला आहे. म्हणून ती ओळखावी कशी, पारखावी कशी आणि जतन करावी कशी, हे प्रश्न केवळ हौसेचे राहत नाहीत. ते संशोधनपद्धतीचे प्रश्न ठरतात.

या शस्त्राचा जनक जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी (१८३२–१९०७) याची लष्करी कारकीर्द हिंदुस्थानात घडली. वायव्य सरहद्दीवरील अंबेला मोहिमेत तो चौथ्या बंगाल युरोपियन पलटणीत लेफ्टनंट होता. हा प्रदेश आज पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात मोडतो. तेथील ‘क्रॅग पिकेट’ नावाचे उंच कड्यावरचे ठाणे शत्रूच्या हाती गेले असता ३० ऑक्टोबर १८६३ रोजी ते परत घेणाऱ्या तुकडीचे नेतृत्व त्याने केले. वरच्या वाटेवरून एका वेळी दोघांनाच जाता येत होते. आपल्या बाजूने माथ्यावर पोहोचणारा पहिला माणूस तोच होता. या पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सरहद्दीवरील अशा लढायांत हातघाईचे प्रसंग वरचेवर येत, आणि तेथे पिस्तुलातील सहा गोळ्या किती जलद व किती अचूक सुटतात यावर अधिकाऱ्याचा जीव अवलंबून असे. फॉस्बेरीच्या पुढील संशोधनास या अनुभवानेच चालना दिली, असे लेखी पुराव्याविना म्हणता येणार नाही; परंतु ज्या गरजेचे उत्तर त्याने शोधले, ती गरज त्याने स्वतः पाहिलेली होती, एवढे निश्चित. सेवानिवृत्तीनंतर त्याने बंदुकांच्या रचनेतच लक्ष घातले. ‘पॅराडॉक्स’ या नावाने प्रसिद्ध झालेली नळी, म्हणजे छर्रे व गोळी दोन्ही उडवू शकणारी, केवळ तोंडाशी आटे असलेली नळी, हीही त्याचीच कल्पना होय.

त्याच्यासमोर असलेली तांत्रिक अडचण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढताना नेमबाजाचे बोट तीन कामे एकदम करते : काडतुसांचे चक्र फिरवणे, घोडा मागे नेणे आणि अखेर तो सोडणे. यासाठी लागणारा जोर मोठा असतो, आणि त्या जोराने नेम हलतो. घोडा अंगठ्याने आधी चढवून ठेवला तर चाप हलका होतो, परंतु प्रत्येक गोळीमागे वेळ जातो. म्हणजे वेग हवा तर अचूकपणा सोडावा लागे, आणि अचूकपणा हवा तर वेग. फॉस्बेरीने असा विचार केला की, गोळी सुटताना जो प्रत्याघात नेमबाजाच्या मनगटाला धक्का देऊन वाया जातो, त्याच्याकडूनच हे काम का करून घेऊ नये? या कल्पनेवर त्याने १८९५ व १८९६ मध्ये एकस्वे मिळविली.

प्रत्यक्ष रचना अशी आहे. शस्त्राचे दोन भाग पडतात. मूठ व चाप ज्यात आहेत तो खालचा सांगाडा स्थिर राहतो. नळी, चक्र व घोडा यांचा वरचा भाग त्याच्यावरील खाचांतून मागेपुढे सरकतो. चक्राच्या बाह्य पृष्ठावर नागमोडी, किंबहुना करवतीच्या दात्यांसारखी चर कोरलेली असते, आणि स्थिर सांगाड्यावरील एक लहान खुंटी त्या चरीत बसलेली असते. गोळी सुटताच वरचा भाग मागे सरकतो. चरीची तिरपी भिंत खुंटीवर घासली जाऊन चक्र थोडे वळते आणि घोडा चढतो. मग स्प्रिंगच्या जोराने वरचा भाग पुढे येतो आणि चरीच्या दुसऱ्या तिरप्या भागामुळे चक्राचे उरलेले वळण पूर्ण होते. सहा गोळ्यांच्या चक्रात प्रत्येक काडतुसामागे साठ अंशांचे वळण लागते. त्यांपैकी निम्मे मागे जाताना व निम्मे पुढे येताना मिळते. पहिल्या गोळीसाठी मात्र वरचा भाग हाताने मागे ओढावा लागतो. शस्त्र घोडा चढलेल्या स्थितीत बाळगायचे असल्याने मुठीच्या डाव्या बाजूस सुरक्षेचा खटका बसविलेला आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये असा खटका सहसा आढळत नाही. ओळखीची ती एक खूणच मानता येईल.

१९०० च्या जुलैमध्ये बिस्ले येथील नेमबाजीच्या मेळाव्यात हे शस्त्र लोकांसमोर आले आणि १९०१ पासून वेब्ली अँड स्कॉट या कंपनीने ते विक्रीस काढले. .४५५ व्यासाच्या नमुन्यात सहा काडतुसे मावत. .३८ व्यासाच्या, फारच थोड्या निघालेल्या नमुन्यात आठ मावत आणि ती सर्व एका गोल पट्टीत बसवून एकदम भरता येत. १९०२ मध्ये वॉल्टर विनान्स या प्रसिद्ध नेमबाजाने बारा पावलांवरून सात सेकंदांत सहा गोळ्या दोन इंचांच्या वर्तुळात मारल्या. नेमबाजीच्या मैदानावर या शस्त्राचे श्रेष्ठत्व त्यामुळे वादातीत ठरले.

तथापि रणभूमी म्हणजे नेमबाजीचे मैदान नव्हे. ब्रिटिश सैन्याने हे शस्त्र अधिकृतपणे कधीच स्वीकारले नाही. अधिकाऱ्यांना आपले पिस्तूल स्वखर्चाने घेण्याची मुभा होती, ते सरकारी.४५५ काडतूस घेणारे असावे, एवढीच मुख्य अट होती. त्यामुळे काही फॉस्बेरी पहिल्या महायुद्धात पोहोचल्या. तेथील खंदकांत त्यांचा मूळ दोष उघड झाला. जी चर व ज्या सरकत्या खाचा त्यांचे वैशिष्ट्य होत्या, त्या सर्व उघड्या होत्या. चिखल व वाळू त्यांत सहज शिरे. शिवाय मनगट ढिले राहिल्यास प्रत्याघाताचा जोर हातातच मुरून जाई आणि वरचा भाग पूर्ण मागे येत नसे. जड, महाग व नाजूक अशा या शस्त्राच्या तुलनेत १९१५ मध्ये सैन्याने स्वीकारलेली वेब्लीचीच साधी सहावी आवृत्ती चिखलातही चालत राहिली. दुसरीकडे मुठीत काडतुसांची पेटी असलेली स्वयंचलित पिस्तुले सुधारत होती आणि ती अधिक गोळ्या घेत. दोन प्रकारांचे गुण एकत्र आणू पाहणारे हे शस्त्र अशा रीतीने दोहोंच्या कात्रीत सापडले.

आता संग्राहकाच्या प्रश्नाकडे वळता येईल. पहिली अडचण नावाचीच आहे. जुन्या किंमतपत्रकांत व यादींत ‘स्वयंसज्ज’ अशा अर्थाचा शब्द आढळला की संशोधक तो फॉस्बेरीचा उल्लेख समजण्याचा संभव असतो. परंतु त्या काळी तोच शब्द चाप ओढताच घोडा चढणाऱ्या साध्या रिव्हॉल्व्हरलाही लावीत. नागमोडी चर ही खूणही एकटी पुरेशी नाही. जर्मनीतील माउझरच्या १८७८ च्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रावरही तशीच चर आहे, पण तेथे चक्र प्रत्याघाताने फिरत नाही. चर, सरकता वरचा भाग आणि मुठीजवळचा खटका या तिन्ही खुणा एकत्र असल्या तरच ओळख निश्चित होते. वाङ्मयीन उल्लेखांबाबतही हीच सावधगिरी हवी. डॅशिएल हॅमेट यांच्या १९३० च्या ‘द माल्टीज फाल्कन’ या कादंबरीतील गुप्तहेर हे शस्त्र अडतीस व्यासाचे, आठ गोळ्यांचे म्हणून ओळखतो, आणि ते बरोबर आहे. १९४१ च्या चित्रपटात मात्र व्यास पंचेचाळीस झाला व गोळ्या आठच राहिल्या. असे शस्त्र वेब्लीने विकलेले नाही. तरीही चित्रपट पाहून वस्तू शोधणाऱ्यांची संख्या कादंबरी वाचणाऱ्यांहून मोठी असल्याने ही चूक टिकून राहिली.

दुसरी पायरी परीक्षेची. प्रथम सांगाडा, नळी व चक्र यांवरील अनुक्रमांक परस्परांशी जुळतात काय हे पाहावे. न जुळल्यास दोन शस्त्रांचे भाग एकत्र केले असण्याची शक्यता असते. त्यानंतर चक्राची मागची बाजू तपासावी. वेब्लीच्या .४५५ रिव्हॉल्व्हर अमेरिकेत गेल्या तेव्हा तेथे सहज मिळणारे .४५ चे काडतूस वापरता यावे म्हणून अनेकांची चक्रे मागून तासली गेली. अशा तासलेल्या चक्राची मूळ जाडी कोणत्याही उपायाने परत येत नाही. नागमोडी चरीच्या कडा, विशेषतः कोपरे, किती झिजले आहेत यावरून शस्त्र प्रत्यक्ष किती वापरले गेले याचा अंदाज बांधता येतो. यानंतर शिक्के पाहावेत. १८१३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के शस्त्राची कायदेशीर चाचणी झाल्याचे सांगतात. नळीवरचा अगर पट्टीवरचा विक्रेत्याचा ठसा त्याहून मोलाचा असतो. वेब्लीची अनेक शस्त्रे ‘आर्मी अँड नेव्ही’ या सहकारी भांडारामार्फत विकली गेली. या भांडाराची एक शाखा मुंबईतही होती; काळा घोडा भागातील तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. असा ठसा असलेल्या शस्त्राचा प्रवास विक्रेत्याच्या नोंदवहीपर्यंत आणि क्वचित एखाद्या नावाच्या अधिकाऱ्यापर्यंत मागे नेता येतो. अशा वेळी वस्तू केवळ ‘नमुना’ न राहता दस्तऐवज बनते.

येथेच संग्रहाचा खरा पेच आहे. बाजारात चकचकीत वस्तूला अधिक किंमत येते, म्हणून विक्रेता जुनी निळी जिलई घासून काढतो व नवी चढवितो. घासताना शिक्क्यांच्या कडा बोथट होतात, विक्रेत्याचा ठसा पुसट होतो, चरीतील झीज नाहीशी होते. ज्या खुणांवरून शस्त्राचा इतिहास सिद्ध करता आला असता, त्याच खुणा मूल्य वाढविण्याच्या नादात नष्ट होतात. गंज पुढे वाढू न देणे हे जतन होय. गंजाची जुनी खूण पुसून टाकणे हे जतन नव्हे. म्हणून वस्तूला हात लावण्यापूर्वी तिची छायाचित्रे, मापे, क्रमांक व शिक्के यांची नोंद करणे आणि तीत काय मूळचे व काय नंतरचे हे वेगळे लिहिणे, हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य ठरते. नोंद न केलेली वस्तू कपाटात सुरक्षित राहिली, तरी विद्येच्या दृष्टीने ती हरवलेलीच असते.

कायद्याची बाजूही नजरेआड करता येत नाही, कारण कोणती वस्तू जगेल हे पुष्कळदा कायदाच ठरवितो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने १८९८ किंवा तत्पूर्वी बनलेल्या शस्त्रांना ‘पुरातन’ मानले. १९०१ पासून विकली गेलेली फॉस्बेरी त्या रेषेच्या किंचित अलीकडे पडते. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये बहुतेक हातशस्त्रांवर बंदी आली, तेव्हा १९१९ पूर्वी बनलेल्या ऐतिहासिक शस्त्रांना मर्यादित सवलत ठेवली गेली. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे चालू शकणारे शस्त्र, ते कितीही जुने असो, परवान्यावाचून बाळगता येत नाही. जुन्या घडणीचे वा पुरातन मूल्याचे जे शस्त्र दुरुस्त करूनही चालू शकत नाही, त्यालाच कलम ४५ ची सूट आहे. दुसरीकडे १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते. एखाद्या घराण्यात परवानाधारक निवर्तल्यावर वारसाला शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि मुदतीत पुढील व्यवस्था न झाल्यास ते सरकारजमा होऊ शकते. त्या क्षणी ते पिस्तूल कोणते, कोणाचे व किती दुर्मीळ, हे सांगणारे कोणी जवळ नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते इतर लोखंडासारखेच एक लोखंड असते. नळी कायमची निकामी करून शस्त्र वाचविण्याचा मार्गही निर्दोष नाही. त्याने वस्तू राहते, पण तिची यंत्ररचना हा जो तिचा मुख्य पुरावा, तोच खंडित होतो. यास्तव अशी वस्तू आढळल्यास ती गुपचूप विकणे वा दडविणे यापेक्षा रीतसर जमा करून त्याच वेळी संग्रहालयाचे लक्ष तिच्याकडे वेधणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

प्रत्याघाताने चक्र फिरविण्याची कल्पना फॉस्बेरीबरोबर संपली नाही. १९९० च्या दशकात इटलीतील माटेबा या रिव्हॉल्व्हरमध्ये ती पुन्हा अवतरली. एका काळाने नाकारलेली कल्पना दुसरा काळ उचलतो, हे तंत्रविद्येच्या इतिहासात नवे नाही. परंतु ती कल्पना कोणत्या मर्यादेत उभी राहिली आणि कोणत्या चिखलात अडकली, हे समजण्यासाठी मूळ वस्तू तिच्या झिजेसह, ओरखड्यांसह व शिक्क्यांसह उपलब्ध असावी लागते. संग्राहकाची दृष्टी दुर्मीळतेवर असते, संशोधकाची पुराव्यावर. दोघांचे हित एकच आहे हे जेथे उमगले, तेथेच अशा वस्तूंचे खरे रक्षण होते.